झिलईच्या वर आणि झिलईच्या आत

प्रश्न : चिनी मातीच्या कपबशांवरील फुलापानांच्या नक्षीला ‘बायकी कलाकुसर’ म्हणण्याची रीत कशी पडली? नाजूक कामच स्त्रियांना शोभते, या समजुतीतून ती आली असावी का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : समजूत जुनीच आहे, परंतु ती पक्की केली कामाच्या वाटणीने. अमेरिकेतील सिनसिनाटी शहरात १८७४ मध्ये बेन पिटमन यांनी स्त्रियांसाठी चिनी मातीवरील चित्रकामाचा वर्ग सुरू केला. झिलई (भाजून चढवलेला काचेसारखा चकचकीत थर) असलेली पांढरी भांडी तयार विकत आणायची, त्यांवर फुले रंगवायची आणि रंग बसण्यापुरती ती पुन्हा भाजायची, असे हे काम होते. त्यात हात मातीने भरत नसत, म्हणून सुखवस्तू घरांतील स्त्रियांना ते शोभते असे मानले गेले. चाक आणि मोठी भट्टी मात्र पुरुषांकडेच राहिली. (आपल्याकडील कुंभारवाड्यांतही माती मळणे आणि रंगवणे बायकांकडे असे, पण चाकाला त्यांनी हात लावू नये असा परंपरेचा दंडक होता.)

सिनसिनाटीच्याच चित्रकार मेरी लुईझ मॅकलॉफ्लिन यांचे काम मला म्हणूनच फार मोलाचे वाटते. १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात त्यांनी झिलईच्या आत, म्हणजे झिलई चढवण्याआधीच, रंगवलेली फ्रेंच भांडी पाहिली आणि स्वतः प्रयोग करून दोन वर्षांच्या आत ती रीत साधली. मातीच्या पातळ घोळात रंग कालवून तो ओलसर, कच्च्या भांड्यावर लावायचा, तर माती आणि आच दोन्ही ओळखावी लागतात. त्याच शहरात १८८० मध्ये मारिया लाँगवर्थ निकोल्स यांनी रुकवुड हा कारखाना काढला. मालकी स्त्रीची होती, नक्षी काढणाऱ्यांत अनेक स्त्रिया होत्या, तरीही चाकावर पुरुषच बसत.

ही वाटणी अमेरिकेतीलच कलावंत अ‍ॅडलेड रॉबिनो यांनी पुरती मोडली. त्यांची सुरुवातही तयार भांडी रंगवण्यापासूनच झाली होती, पण पुढे त्या स्वतः चाकावर पोर्सिलेन घडवू लागल्या. १९१० मध्ये त्यांनी न भाजलेल्या कोरड्या कलशावर सुमारे १,००० तास शेणकिड्यांची नक्षी कोरली. पहिल्याच भाजणीत कलशाला तडे गेले. त्यांनी ते भरले, कलश पुन्हा भट्टीत घातला आणि तो अखंड बाहेर आला. इथे नक्षी म्हणजे भांड्याची कोरलेली मातीच आहे. ती पुसून खाली कोरे भांडे उरत नाही.