एकच आडनाव, पण नातं नाही!

प्रश्न : ‘खिचडी’त हंसा आणि जयश्री या दोघी जावा. त्या साकारणाऱ्या दोघी अभिनेत्रींच्याही नावापुढे पाठक. त्या खऱ्या आयुष्यात बहिणी आहेत, असं आमच्याकडे ठासून सांगतात. खरं का? (सांगली)

उत्तर : नाही. हंसाची बहीण आहे, पण दुसऱ्या मालिकेत! हंसा झालेल्या सुप्रिया पाठक यांची थोरली बहीण रत्ना पाठक शाह, म्हणजे ‘साराभाई व्हर्सेस साराभाई’मधली माया. दोघींची आई दीना पाठक. गुजराती रंगभूमीवर भवाईच्या (गुजराती लोकनाट्याच्या) बाजाचं ‘मेना गुर्जरी’ त्यांनी गाजवलं. ‘खिचडी’ २००२च्या सप्टेंबरात सुरू झाली, त्यात त्या बडी माँ होत्या. पुढच्याच महिन्यात त्या गेल्या. जयश्री झालेल्या वंदना पाठक मात्र माहेरच्या वैद्य. ‘अनुपमा’तले बापूजी, गुजराती नट-दिग्दर्शक अरविंद वैद्य हे त्यांचे वडील. म्हणजे रंगभूमीचं घर त्यांचंही, फक्त वेगळं.

अशी पैज लागली की आधी माहेरचं आडनाव काढावं, मग आईवडिलांची नावं. नुसत्या श्रेयनामावलीवर विसंबलं की हमखास फसगत होते.

प्रश्न : विजू खोटे आणि शुभा खोटे हे नवरा-बायको ना? (नाशिक)

उत्तर : अहो, सख्खे भाऊबहीण! वडील नंदू खोटे मराठी रंगभूमीवरचे आणि मूकपटांतले नट, तर दुर्गा खोटे या नात्याने काकू. १९९३ची ‘जबान संभाल के’ पुन्हा पाहा. त्यात ही दोघं आहेतच, शिवाय मिस विजया झालेली भावना बलसावर ही शुभाताईंची मुलगी. इथे पाठकांच्या उलट प्रकार आहे, आडनाव वेगळं आणि नातं अगदी रक्ताचं. मालिकेचे नायक पंकज कपूर हे आपल्या हंसाचे, म्हणजे सुप्रिया पाठक यांचे यजमान.

प्रश्न : ‘तारक मेहता’तली दया आणि सुंदर खरे भाऊबहीण आहेत? (पणजी)

उत्तर : हो. दिशा आणि मयूर वकानी. वडील भीम वकानी, तेही गुजराती रंगभूमीवरचेच.

प्रश्न : आमच्या घरात कुणी नट नाही. मुलाला विनोदी कार्यक्रमात जायचं आहे, जमेल का? (अकोला)

उत्तर : जमेल. ‘चला हवा येऊ द्या’चे निलेश साबळे आयुर्वेदाचे पदवीधर डॉक्टर आहेत. अशोक सराफ स्टेट बँकेत होते, रीमा लागू युनियन बँकेत. आंतरबँक नाट्यस्पर्धांमुळे तेव्हा नोकरी सांभाळून रंगमंच मिळायचा. (अशोकमामांना मात्र गोपीनाथ सावकारांसारखे नाट्यक्षेत्रातले मामा लाभले होते आणि रीमाताईंच्या आई मंदाकिनी भडभडे अभिनेत्री होत्या, हेही लक्षात असू द्या.)

मुलाला आधी महाविद्यालयीन एकांकिका आणि राज्य हौशी नाट्यस्पर्धा करू द्या. नुसत्या नकला येणारी मुलं स्किटमध्ये अडतात ती दोन ठिकाणी. हशा ओसरायच्या आत पुढचं वाक्य टाकतात, ते कुणालाच ऐकू येत नाही. फार थांबलं तर प्रसंग थंड पडतो. हशा उतरणीला लागला की बोलावं. दुसरं म्हणजे स्वतःच्या टाळीसाठी पदरचं वाक्य घुसवतात. समोरचा ठरलेल्या शब्दाची वाट पाहत उभा असतो, तो शब्द आलाच नाही तर त्याचा पंच (हशा घेणारं वाक्य) वाया जातो. तालमीत त्याला समोरच्याची वाक्यंही पाठ करायला लावा.