पगाराची नोकरी सोडून प्रिंटेबलच्या ब्लॉगवर घर चालेल का?

सप्रेम नमस्कार,

तुमच्या पत्रातील मुख्य गोष्टी इतर वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगतो. तुम्ही म्हापशाजवळ राहता आणि पर्वरीच्या एका खासगी कार्यालयात नोकरी करता. तुमच्या हाती दरमहा २४,००० रुपये येतात. यजमान कळंगुटच्या हॉटेलात आहेत; ऑक्टोबर ते मे त्यांना ३०,००० रुपये मिळतात आणि जून ते सप्टेंबर पगार निम्म्यावर येतो. गृहकर्जाच्या ११,००० रुपयांच्या हप्त्यासह घरखर्च ३८,००० रुपये आहे आणि गाठीशी चार लाखांची मुदत ठेव आहे. गेले दहा महिने तुम्ही घरी छापून घेता येतील अशा नक्षीदार पानांविषयी, म्हणजे प्रिंटेबलविषयी, मराठीतून ब्लॉग लिहीत आहात. हिशेबाचे मासिक तक्ते, बाराखडीची सरावपाने, हळदीकुंकवाच्या वाणावर लावायच्या चिठ्ठ्या आणि चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, तयारीचा संच ही तुमची कामे. आता मे अखेर राजीनामा द्यावा, ठेवीतले दीड लाख काढून ७०,००० रुपयांचा लॅपटॉप, ३५,००० रुपयांचा रंगीत प्रिंटर आणि घरबसल्या उत्पन्नाची हमी देणारा ४५,००० रुपयांचा ऑनलाइन कोर्स घ्यावा, आणि पूर्ण वेळ याच कामाला द्यावा, असा तुमचा विचार आहे.

माझे मत असे आहे की मे अखेर राजीनामा देऊ नये. कोर्स आणि प्रिंटर दोन्ही घेऊ नयेत. काम मात्र थांबवू नये, कारण तुम्ही पाठवलेल्या आकड्यांत त्याच्या बाजूने बोलणारी एक गोष्ट आहे, आणि ती ब्लॉगच्या वाचकसंख्येत नाही.

आधी घराचा हिशेब पाहू. तुमचा पगार बंद झाल्यास हंगामाच्या आठ महिन्यांत दरमहा ८,००० रुपयांची तूट येईल आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत ती २३,००० रुपयांवर जाईल. वर्षाची तूट १,५६,००० रुपये, म्हणजे महिन्याला सरासरी १३,०००. ठेवीतून दीड लाख आधीच काढल्यावर अडीच लाख उरतात. जूनपासून पगार थांबला तर पहिल्या पावसाळ्यात त्यांतले ९२,००० जातील, पुढच्या हंगामात ६४,००० जातील आणि दुसऱ्या पावसाळ्यात पुन्हा ९२,००० जातील. व्याज बाजूला ठेवले तर सोळा महिन्यांनी, सप्टेंबर अखेरीस, ठेवीत दोन हजार रुपये उरतात. या काळात घरात आजारपण आले नाही, घराचे पत्रे बदलावे लागले नाहीत आणि हॉटेलने यजमानांचा पगार आणखी कापला नाही, असे आपण गृहीत धरले आहे. हंगामावर अवलंबून असलेल्या घरात एक तरी मिळकत बारमाही असावी लागते, आणि तुमच्या घरी ती मिळकत तुमची आहे. नोकरीला तुम्ही ‘कारकुनी’ म्हणून कमी लेखले आहे. पण जून ते सप्टेंबर कर्जाचा हप्ता चुकत नाही, तो त्याच कारकुनीमुळे.

आता ब्लॉगचे उत्पन्न. दहा महिन्यांत जाहिरातींचे ३१ डॉलर जमले आहेत, आणि गुगलच्या ॲडसेन्स या जाहिरात सेवेत १०० डॉलर पुरे होईपर्यंत पैसे खात्यात येत नाहीत. याच गतीने गेल्यास पहिली रक्कम हाती यायला अजून दोन वर्षांच्या आसपास लागतील. यात तुमच्या लेखनाचा दोष नाही. भारतातल्या वाचकांसाठी जाहिरातदार अमेरिकेतल्या वाचकांच्या मानाने फारच कमी बोली लावतात, आणि प्रिंटेबल शोधायला आलेला माणूस फाइल उतरवून घेतो व निघून जातो. तो पानावर रेंगाळत नाही. वाचक दुप्पट झाले तरी या रकमेने तुमचे विजेचे बिलही भागणार नाही.

याउलट चवथीचा संच तुम्ही ९९ रुपयांना विकला आणि त्याच्या ६४ प्रती गेल्या, म्हणजे ६,३३६ रुपये आले. शिकवणीचा वर्ग चालवणाऱ्या एका बाईंनी बाराखडीची सरावपाने त्यांच्या वर्गाच्या नावासह बनवून घेतली आणि ४,००० रुपये दिले. पत्रातला महत्त्वाचा आकडा मला हाच वाटतो. तुम्ही पाठवलेला चवथीचा संच मी उघडून पाहिला. माटोळीच्या, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर बांधायच्या फळाफुलांच्या मांडवीच्या, यादीत कांगलां, तोरिंग, सुपारीचे शिपटे अशी एकेक वस्तू चित्रासह आहे, समोर खूण करायला चौकोन आहे आणि खाली ‘कोण आणणार’ यासाठी रेघ सोडली आहे. असे पान परदेशातला कोणी तयार करून विकणार नाही, आणि ज्या घरात दरवर्षी माटोळी बांधली जाते त्या घराला ते उपयोगी पडते. तेव्हा ब्लॉगला दुकानाची पाटी समजा. कमाई विक्रीतून होणार आहे, आणि त्यातही वर्ग, शाळा, मंडळे व लग्नघरे यांच्यासाठी नावानिशी करून द्यायच्या कामातून अधिक होईल. एकच पीडीएफ व्हॉट्सॲपच्या गटांत फुकट फिरते अशी तुमची तक्रार आहे. ते थांबवता येणार नाही; पण शिकवणीच्या नावाने बनवलेले पान दुसऱ्याच्या उपयोगाचे नसते, म्हणून अशी कामे त्या गळतीतूनही वाचतात.

तरीही प्रमाण विसरू नका. दोन्ही मिळून दहा महिन्यांत १०,३३६ रुपये झाले, म्हणजे महिन्याला सुमारे एक हजार. ९९ रुपयांच्या संचावरच पगार भरून काढायचा म्हटले तर पैसे घेण्याचा खर्च वजा जाता महिन्याला साधारण २५० प्रती खपवाव्या लागतील, आणि तुमच्या सर्वोत्तम महिन्यात ४१ खपल्या आहेत.

एट्सी या परदेशी ऑनलाइन बाजारात इंग्रजी प्लॅनर, म्हणजे नियोजनाची पाने, विकण्याचा पर्याय तुम्ही विचारला आहे. तिथे प्रत्येक वस्तू मांडायला ०.२० डॉलर लागतात, ती मांडणी चार महिने टिकते, विक्रीवर ६.५ टक्के शुल्क कापले जाते, पैसे घेण्याचे शुल्क वेगळे असते, आणि त्यांच्या बाहेरच्या जाहिरातीतून गिऱ्हाईक आले तर लहान विक्रेत्याकडून आणखी १५ टक्के जातात. चार डॉलरच्या फाइलीतून हे सारे वजा होते, आणि तशाच फाइलींची तिथे रास पडलेली आहे. हौस म्हणून दहा-बारा वस्तू मांडायला हरकत नाही. घर त्या भरवशावर ठेवू नये.

मे अखेरीच्या तारखेत आणखी एक अडचण आहे, जी तुमच्या पत्रात आलेली नाही. तुम्ही फेब्रुवारीत नोकरीला लागलात, म्हणजे मे अखेर तुमची सेवा चार वर्षे चार महिन्यांची होते. तुमच्यासारख्या कायम कर्मचाऱ्याला ग्रॅच्युइटीसाठी, म्हणजे नोकरी सोडताना मालकाने द्यायच्या एकरकमी पैशांसाठी, पाच वर्षांची सलग सेवा लागते. मूळ पगार १५,००० रुपये धरला तर पाच वर्षांची ग्रॅच्युइटी, म्हणजे मूळ पगार गुणिले पंधरा भागिले सव्वीस गुणिले सेवेची वर्षे या सूत्राने, सुमारे ४३,००० रुपये होते. भविष्य निर्वाह निधीचे पैसे काढण्याचाही तुमचा मनोदय आहे. पण पाच वर्षे पूर्ण होण्याआधी काढलेली ती रक्कम करपात्र ठरते. शिवाय नोकरी सोडल्यावर मालकाचा दरमहाचा किमान १,८०० रुपयांचा हिस्साही थांबतो, आणि तो हातात कधी पडत नसल्यामुळे त्याची किंमत आपल्याला जाणवत नाही. जानेवारी अखेरपर्यंत थांबणे एवढ्यासाठीही योग्य आहे.

‘चवथीआधी पूर्ण वेळ मिळाला पाहिजे’ हे तुमचे म्हणणे मात्र खरे आहे. चवथीची पाने लोक आधीपासून शोधू लागतात, त्यामुळे ती जून-जुलैत तयार असावी लागतात. शाळेची पाने त्याआधी, मे महिन्यात. गंमत अशी की यजमानांचा पगार ज्या महिन्यांत आटतो, त्याच महिन्यांत तुमच्या कामाला मागणी येते. हा योग चांगला आहे आणि त्याचा फायदा घ्यावा, पण साठलेली रजा टाकून घ्यावा, राजीनामा टाकून नव्हे. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात आठ-दहा दिवसांची रजा मिळाली तर चवथीचा नवा संच, नरकचतुर्दशी-दिवाळीची पाने आणि तुळशीच्या लग्नाची आमंत्रणे एका बैठकीत तयार होतील.

फेब्रुवारीपासून पुढे काय करावे, याचा मला दिसणारा मार्ग अर्ध्या वेळेच्या कामाचा आहे. मालकाने निम्म्या वेळेला निम्मा पगार, म्हणजे १२,००० रुपये, मान्य केला तर हंगामात दरमहा ४,००० रुपये उरतील आणि पावसाळ्यात ११,००० कमी पडतील. वर्षाची तूट १२,००० रुपये. महिन्याला एक हजार, म्हणजे तुम्ही आज जेवढे कमावता तेवढेच. ठेवीला हात न लावता निम्मा दिवस मोकळा मिळवण्याचा याहून स्वस्त मार्ग मला दिसत नाही. त्याची किंमतही माहीत असावी: आज वर्षाला जे सव्वा लाखाहून अधिक रुपये शिल्लक पडू शकतात, ते पडणार नाहीत, आणि ग्रॅच्युइटी शेवटच्या पगारावर मोजली जात असल्यामुळे मूळ पगार निम्मा झाल्यानंतर नोकरी सोडल्यास तीही घटेल. मालक नाही म्हणाला तर पूर्ण वेळ नोकरी आणि रात्रीचे काम हेच चालू ठेवावे लागेल.

खरेदीच्या बाबतीत मी कठोर आहे. कोर्स नको, त्यात शिकवतात ते तुम्ही दहा महिन्यांत करून पाहिले आहे, आणि उत्पन्नाची हमी देणाऱ्याने ती स्टॅम्प पेपरवर द्यावी अशी मागणी करून पाहा. प्रिंटर नको, कारण या धंद्याचा सारा फायदाच छपाई गिऱ्हाइकाने करण्यात आहे. नमुन्याची दोन पाने म्हापशाच्या झेरॉक्सवाल्याकडे छापून मिळतात, आणि गोव्याच्या पावसाळी दमट हवेत कागदाचे रीम घरात सांभाळणे हे वेगळेच काम होऊन बसते. लॅपटॉप सहा वर्षांचा झाला आहे, तो बदलावा, पण ४०,००० रुपयांच्या आत. चार लाखांपैकी २,२८,००० रुपये, म्हणजे सहा महिन्यांचा घरखर्च, कशासाठीही मोडू नये. तुमची निम्मी ठेव अर्धा टक्का जास्त व्याजासाठी पतसंस्थेत आहे, असे लिहिले आहे. बँकेतील ठेवींना पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण असते, पतसंस्थेतील ठेवींना ते नसते. मुदत संपताच ती रक्कम बँकेत आणावी. राज्य सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड नूतनीकरण केलेले आहे ना, हेही पाहा. चार किंवा अधिक माणसांच्या कुटुंबाला त्यात वर्षाला चार लाखांपर्यंतचे संरक्षण आहे.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. नेमणूकपत्रात दुसरे काम करण्यास मनाई आहे का ते वाचा, आणि कार्यालयाच्या संगणकावर एकही पान करू नका. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा स्वामित्व हक्क साधारणपणे मालकाचा असतो. अक्षरांसाठी मुक्ता, बालू यांसारखे खुल्या परवान्याचे फॉन्ट वापरा. डीटीपीवाल्याकडून पेन ड्राइव्हवर आणलेला फॉन्ट विक्रीच्या कामात वापरू नये. कॅनव्हा या ऑनलाइन डिझाइनच्या साधनातील तयार चित्र जसेच्या तसे विकता येत नाही, आणि गुगलवर सापडलेला गणपती कुणाचा तरी असतो. पीडीएफची विक्री ही सेवा धरली जाते आणि वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत तिच्यासाठी जीएसटी नोंदणी लागत नाही. पण छापलेले संच माल म्हणून सावंतवाडी किंवा बेळगावला पाठवू लागलात, तर परराज्यातील मालविक्री म्हणून उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणीचा प्रश्न उभा राहतो. प्रिंटर नको म्हणण्याचे हेही एक कारण. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान व्यवसायांची सरकारी नोंदणी, विनामूल्य आहे, तिच्यासाठी कोणी पैसे मागितल्यास देऊ नयेत. विक्रीसाठी वेगळे बचत खाते उघडा आणि कर लागत नसला तरी विवरणपत्र दरवर्षी भरा; पुढे कर्ज मागायला जाल तेव्हा बँक तीन वर्षांची विवरणपत्रे विचारेल.

पूर्ण राजीनाम्यासाठी माझी अट अशी आहे: सलग बारा महिने, त्यात एक पूर्ण पावसाळा धरून, सर्व खर्च वजा जाता महिन्याला सरासरी १८,००० रुपये मिळावेत. त्यांतले १३,००० घराच्या तुटीचे आणि ५,००० निर्वाह निधी, आजारपण व यंत्राच्या झिजेचे. हे २,१६,००० रुपये एकट्या चवथीतून किंवा एकाच गिऱ्हाइकाकडून आलेले असले तर अट पुरी झाली असे मी मानणार नाही. निम्म्याहून अधिक रक्कम कोणत्याही एका ठिकाणाहून येता कामा नये. दोन पावसाळ्यांनंतरही सरासरी पाच हजारांच्या खाली राहिली तर अर्ध्या वेळेची सोय सोडून मालकाकडे पुन्हा पूर्ण वेळ मागावा, आणि म्हणून अर्धा वेळ स्वीकारतानाच परतीची ती तरतूद त्यांच्याकडून लेखी घेऊन ठेवावी.