कॅनकूनला चाललोय पण चिचेन इत्झा आणि तुलुमची गर्दी नको, माया अवशेष आणि जंगल-पाणी दोन्ही निवांत कुठे बघता येईल?

तुम्ही लिहिलंय की डॅलसहून येताय, सोबत आई-बाबा आहेत, पाच दिवस हातात आहेत आणि गाडी चालवायची तयारी आहे. मग सरळ सांगतो, मेक्सिकोत कॅनकूनला फक्त उतरा आणि ३०७ नंबरचा हायवे धरून दक्षिणेला निघा. तुलुमच्याही पुढे. बहुतेक लोक तुलुमला फोटो काढून तिथूनच मागे फिरतात आणि बघण्यासारखं बरंच काही त्याच्या पुढे आहे, मुयील, मग फेलिपे कारियो पुएर्तो, मग बाकालार आणि जमलं तर कोहुनलिच. चिचेन इत्झा भव्यच आहे, त्यात वाद नाही, पण तिथे इमारती दिसतात आणि माणसं इथे राहिली कशाच्या जिवावर ते कळत नाही. या दक्षिणेच्या पट्ट्यात ते कळतं, आणि त्याचं उत्तर पाणी हे आहे.

म्हणजे बघा, हा सगळा युकातान द्वीपकल्प चुनखडीचा. पाऊस भरपूर पडतो पण पाणी वर थांबतच नाही, खाली झिरपतं, आणि जमिनीखाली शेकडो किलोमीटर गुहांमधून वाहत समुद्राकडे जातं. साक आक्तुन नावाची एक पाण्याखालची गुहा २०१८ मध्ये मोजली तेव्हा ३४७ किमी निघाली. गुहेचं छत कुठे कोसळलं की सेनोते, म्हणजे विहिरीसारखा नैसर्गिक पाण्याचा खड्डा, तयार होतो. जिथे गोडं पाणी हाताशी, तिथे गाव.

मुयील तुलुमपासून अर्ध्या तासावर, अगदी हायवेला लागून, आणि तरी तिथे गर्दी कमी असते. इसवी सनापूर्वी साधारण ३५० पासून इथे वस्ती होती. मुख्य देऊळ, कास्तिय्यो, १७ मीटर उंच आहे, चढू देत नाहीत पण झाडांच्या सावलीत निवांत फिरता येतं त्यामुळे आई-बाबांना उन्हाचा त्रास होणार नाही. अवशेषांच्या मागून लाकडी पायवाट निघते, तिचं तिकीट वेगळं, ती जंगलातून थेट तळ्यापर्यंत जाते. मध्ये एक उंच मचाण आहे, शिड्या खूप उभ्या आहेत, त्यांना खालीच बसवा आणि तुम्ही वर जाऊन या, वरून जंगल, तळं आणि लांबवर समुद्राची रेघ असं सगळं एका नजरेत येतं.

तळ्यावरून स्थानिक लोकांच्या बोटी सुटतात आणि मला विचाराल तर सगळ्या ट्रिपमधलं हे एक काम अजिबात चुकवू नका. बोट एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जाते ती मायांनी खणलेल्या कालव्यातून. कालव्याच्या तोंडाशी एक छोटं दगडी देऊळ आहे, व्यापाऱ्यांच्या होड्या इथे थांबून पुढे जात असाव्यात असं मानतात. मीठ, मध, कोको, ऑब्सिडियन (ज्वालामुखीतली काळी काच) असा माल या किनाऱ्याने होड्यांतून फिरायचा, १५०२ मध्ये कोलंबसला होंडुरासजवळ अशीच मालाने भरलेली मोठी माया होडी भेटली होती. तर पुढे एका जागी बोटवाला तुम्हाला पाण्यात उतरवतो. लाइफ जॅकेट अंगात घालायचं नाही, हातांच्या भोकांतून पाय घालून कमरेला बांधायचं, मग पाण्यात बसल्यासारखं तरंगता येतं आणि प्रवाह आपोआप समुद्राच्या दिशेने नेतो. दोन्ही बाजूंनी कांदळवन, मुळांमधून फिरणारे बारीक मासे स्वच्छ दिसतात, पाणी इतकं नितळ. पोहता येत नसलं तरी चालतं, आई-बाबांना नकोच वाटलं तर बोटीत बसून राहू देतात. हा सगळा भाग सियान कान या राखीव जंगलात येतो, ५ लाख हेक्टरहून मोठं आहे, १९८७ पासून युनेस्कोच्या यादीत. म्हणून सनस्क्रीन लावून पाण्यात उतरू नका, पूर्ण बाह्यांचा टीशर्ट घाला.

या जंगलात दोन झाडं मुद्दाम बघा. एक चिकू. आपण घोलवडचा चिकू म्हणून जो खातो त्याचं मूळ घर हे. जुन्या झाडांच्या बुंध्यावर नागमोडी चिरा दिसतात, च्युइंगमसाठी चीक काढायचे त्याच्या खुणा आहेत त्या, आणि लाकूड इतकं टिकाऊ की माया देवळांच्या दारांवरच्या तुळया याच झाडाच्या, त्यातल्या काही हजार वर्षांनीही शाबूत आहेत. दुसरं झाड चेचेम, काळा डाग पडलेल्या सालीचं, त्याला हात लावायचा नाही, चीक लागला तर आपला बिब्बा उततो तसे फोड येतात (आहेही बिब्ब्याच्याच कुळातलं). वाटेवरच चाला म्हणजे झालं.

फेलिपे कारियो पुएर्तोला लोक फक्त पेट्रोल भरायला थांबतात, तुम्ही तासभर काढा. १८४७ मध्ये मायांनी उठाव केला आणि हे गाव त्यांची राजधानी झालं, बोलणारा क्रूस त्यांना आदेश देतो अशी श्रद्धा, थेट १९०१ मध्ये मेक्सिकन सैन्याने गाव घेतलं. क्रूसाचं ठाणं अजून आहे, चपला काढून आत जा, फोटो काढू नका. माया लोक "नाहीसे झाले" हे आपण शाळेत ऐकतो ना, इथल्या बाजारात माया भाषेत भाव करणाऱ्या बायका बघितल्या की ते डोक्यातून कायमचं जातं.

मुक्काम बाकालारला करा, दोन रात्री तरी. चाळीसेक किलोमीटर लांब गोड्या पाण्याचं तळं, तळ पांढरा चुनखडीचा त्यामुळे खोलीप्रमाणे पाण्याचा निळा बदलत जातो. समुद्रकिनाऱ्यावर साधारण एप्रिल ते ऑगस्ट सरगासमचा, म्हणजे शेवाळाचा खच पडतो आणि वास येतो, इथे तो प्रश्नच नाही. पण लोक रंग बघून जातात आणि काठावरचे गोल राखाडी खडक बघतच नाहीत. ते नुसते खडक नाहीत, स्ट्रोमॅटोलाइट आहेत, सूक्ष्मजीवांनी थरावर थर चढवत बांधलेले, पृथ्वीवर साडेतीन अब्ज वर्षांपासून अशी बांधणी चाललीय आणि आता जिवंत अशी फार थोड्या ठिकाणी उरलीय. त्यावर उभं राहून फोटो काढणारे दिसतील, कृपा करून तुम्ही तसं करू नका, एका पावलाने जे तुटतं ते भरायला माणसाचं आयुष्य पुरत नाही. २०२० च्या वादळात आजूबाजूच्या तोडलेल्या जंगलातून माती वाहून आली आणि सगळं तळं तपकिरी झालं होतं, इतकं ते नाजूक आहे. मोटरबोटीपेक्षा सकाळी कयाक घ्या.

बाकालारहून सकाळी लवकर निघालात तर कोहुनलिच होतं. पिरॅमिडच्या जिन्याच्या दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच चुन्याचे मुखवटे, साधारण इसवी सन ५०० चे, लाल रंग अजून दिसतो. जवळच झिबांचे आहे, नाग घराणं म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माया राजघराण्याची, कालाकमुल शहराच्या आधीची राजधानी, वेळ असेल तर जा नाहीतर एकच बघा पण नीट बघा. ही ठिकाणं संध्याकाळी पाचला बंद होतात, तिकीट त्याआधीच थांबतं.

बाकी थोडं व्यवहाराचं. गाडी ऑनलाइन स्वस्त दिसते पण थर्ड पार्टी इन्शुरन्स तिथे सक्तीचा आहे, तो धरूनच हिशोब करा. गावं आली की स्पीडब्रेकर, बोर्ड असेलच असं नाही, म्हणून अंधारात चालवू नका. पेसोमध्ये रोख ठेवा. आई-बाबा शाकाहारी असतील तर राजम्यासारख्या दिसणाऱ्या काळ्या बीन्समध्ये बऱ्याचदा डुकराची चरबी असते, "सिन कार्ने, सिन मान्तेका" (मांस नको, चरबी नको) एवढं पाठ करून ठेवा. हाबानेरो या जहाल मिरचीची चटणी आधी बोटाच्या टोकावर घ्या, कोल्हापूरचे असलात तरी. नोव्हेंबर ते एप्रिल हवा चांगली असते. आणि भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा लागत नाही, पण तुमच्यासकट सगळ्यांचे स्टॅम्प चालू आहेत ना ते तिकिटं काढायच्या आधी बघा आणि मेक्सिकन कॉन्सुलेटच्या साइटवर ताजा नियम एकदा वाचून घ्या.