पुस्तके पडद्यावर दिसतात, पण शोधात सापडत नाहीत

प्रश्न : आमच्या वाचनालयाचे नवे संकेतस्थळ पूर्णपणे जावास्क्रिप्टवर चालते. ग्रंथसूची दिसायला देखणी आहे. मात्र त्यातले एकही पुस्तक गूगलवर सापडत नाही आणि आमच्या एका दृष्टिहीन सभासदांना स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी प्रणाली) वापरून पुस्तकाचे पान उघडता येत नाही. या दोन अडचणींवर उपाय काय?
— एक ग्रंथपाल, सांगली

उत्तर : अडचणी दोन असल्या तरी त्यांचे मूळ बहुधा एकच असावे. माउस बाजूला ठेवा आणि ग्रंथसूचीच्या पानावर टॅबची कळ दाबत चला. शोधपेटीवरून निवड थेट तळाच्या 'संपर्क' या दुव्यावर गेली आणि मधली सगळी पुस्तके वगळली गेली, तर ती शीर्षके खरे दुवे नसून क्लिकची स्क्रिप्ट जोडलेले साधे 'डिव्ह', म्हणजे पानातले निव्वळ चौकटीचे भाग आहेत, असे समजा. स्क्रीन रीडरला त्यात केवळ मजकूर आढळतो. गूगलबॉट, म्हणजे गूगलसाठी पाने गोळा करणारा प्रोग्रॅम, मे २०१९ पासून अद्ययावत क्रोमियम (क्रोम ब्राउझरचा गाभा) वापरून स्क्रिप्ट चालवतो हे खरे. पण तो क्लिक करत नाही, दुव्याच्या 'एचरेफ' या गुणधर्मात लिहिलेल्या पत्त्यानेच पुढच्या पानावर जातो. म्हणून प्रत्येक शीर्षक 'ए' टॅगमध्ये, म्हणजे दुव्यासाठीच्या खुणेत, 'एचरेफ'सह घ्यायला सांगा. 'डिव्ह'ला नुसते 'रोल' (हा दुवा आहे असे सांगणारा गुणधर्म) लिहून भागत नाही, कारण त्याने स्क्रीन रीडर त्याला दुवा म्हणतो एवढेच, पण कळफलकाने चालण्याची सोय येत नाही.

प्रत्येक पुस्तकाला स्वतंत्र पत्ताही हवा. पत्त्यातला फरक केवळ '#' या चिन्हानंतरचा असेल, तर गूगलच्या लेखी ते सारे एकच पान ठरते. अशा पत्त्यांसाठी '#!' वापरण्याची २००९ मधली योजना गूगलनेच २०१५ मध्ये मोडीत काढली. त्याऐवजी हिस्टरी एपीआय, म्हणजे पान पुन्हा न उघडता '#'शिवाय खरा पत्ता बदलण्याची ब्राउझरची सोय, वापरावा. शिवाय ब्राउझरमधील 'व्ह्यू पेज सोर्स' (पानाचा मूळ कोड) उघडून पाहा : तिथे पुस्तकाचे नाव आणि लेखक दिसत नसतील, तर ते सर्व्हरवरूनच एचटीएमएलमध्ये यावेत अशी व्यवस्था करून घ्या, कारण स्क्रिप्ट न चालवणारे शोधयंत्रांचे बॉटही पुष्कळ आहेत.

दृष्टिहीनांसाठी वेगळी 'मजकुराची आवृत्ती' काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नवी पुस्तके मुख्य सूचीत चढतात आणि ती आवृत्ती जुनीच राहते. शोधाचे निकाल पान न बदलता येत असतील, तर 'बारा पुस्तके सापडली' ही ओळ 'एरिया-लाइव्ह' (बदल झाला की स्क्रीन रीडरला कळवणारा गुणधर्म) असलेल्या भागात ठेवावी, म्हणजे ती आपोआप वाचली जाईल. पुस्तकाचे पान उघडताच ब्राउझरच्या टॅबवर दिसणारे पानाचे शीर्षकही बदलायला हवे. आणि एचटीएमएलच्या पहिल्याच टॅगमध्ये 'लँग' या भाषा सांगणाऱ्या गुणधर्माची किंमत 'एमआर' (म्हणजे मराठी) आहे ना, तेवढे पाहा. तिथे इंग्रजीची खूण राहून गेली असेल, तर स्क्रीन रीडर मराठी मजकूर इंग्रजी आवाजात वाचायला लागण्याची शक्यता असते.