घूं-घूं चाकात नाही, गिअरबॉक्सात

प्रश्न : माझी ऑटोमॅटिक स्कूटर नऊ वर्षांची आहे. रोज जुळे सोलापूरहून नवी पेठेत दुकानात जाते, आठवड्यातून दोनदा मागे टॉवेलचे गठ्ठे असतात. गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीत पाणी साचलं, गाडी रात्रभर अर्ध्या चाकापर्यंत पाण्यात उभी होती. दिवाळीनंतर तीसच्या पुढे गेलं की मागून घूंऽऽ असा आवाज येतो, चाळीसला वाढतो. मागे बसलेली लेक म्हणते, आई, विमान आलं. एकाने टायर बदलायला लावला, आवाज तसाच. दुसरा म्हणतो अख्खा गिअरबॉक्सच बदला. खरंच बदलावा लागेल का?
– एक वाचक भगिनी, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, टायरचे पैसे गेले ते गेले, पण गिअरबॉक्स एवढ्यात बदलू नका. गाडी रात्रभर पाण्यात होती हे वाचलं तिथंच माझं निम्मं निदान झालं.

त्याचं असं होतं. चालवून आणलेल्या गाडीचा गिअरबॉक्स गरम असतो. तो तसाच पाण्यात थंड झाला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरच्या, म्हणजे गिअरबॉक्सला श्वास घ्यायला ठेवलेल्या नळीतून, नाहीतर शाफ्टभोवती ऑइल अडवायला बसवलेल्या जुन्या रबरी ऑइल सीलच्या कडेने पाणी आत ओढते. आत ऑइल असतं तरी किती? शंभर-सव्वाशे मिली, कपभर चहाएवढं. त्यात दोन चमचे पाणी गेलं की झालं ताक. बेअरिंग म्हणजे फिरता शाफ्ट, म्हणजे दांडा, धरून ठेवणारं कडं, आत एक रिंग, बाहेर एक आणि मधे छर्रे. त्या छर्र्यांवर गंज धरतो, बारीक खड्डे पडतात, आणि त्या खड्ड्यांवरून छर्रे पळायला लागले की तुमच्या लेकीचं विमान उडतं.

आता खात्री. गाडी मेन स्टँडवर घ्या, इंजिन बंद. मागचं चाक दोन्ही हातांनी वर-खाली धरून हलवा. तुमच्यासारख्या बहुतेक गाड्यांत मागचं चाक थेट गिअरबॉक्सच्या शेवटच्या शाफ्टवरच बसतं, त्यामुळे चाक कटकट हललं की तो खेळ आतल्या बेअरिंगचा. नाही हललं तरी सुटलो असं समजू नका. चाक हाताने सावकाश फिरवा आणि लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक गिअरबॉक्सच्या कव्हरला लावून मूठ कानाला टेकवा. मी ही युक्ती अशोक चौकाकडच्या एका यंत्रमाग कारखान्यात शिकलो, तेव्हा मला मिसरूडही फुटलं नव्हतं. तिथे खडखडाट एवढा की शेजारी कोण बोललं कळायचं नाही, पण मागाला पाना लावून कान टेकवला की कुठलं बेअरिंग बोलतंय ते बरोबर कळायचं. चांगलं बेअरिंग गप्प असतं. गेलेलं असेल तर परातीत वाळू फिरवल्यासारखी खरखर येते.

पहिला संशय पहिल्या शाफ्टवर, म्हणजे क्लचकडून आत येणाऱ्या. चाक एकदा फिरतं तेव्हा तो साधारण आठ-दहा वेळा फिरतो. चाळीसच्या वेगाला दहा इंची रिमचं चाक मिनिटाला पाचशेच्या आसपास फेरे घेतं, म्हणजे हा बिचारा चार हजारांच्या वर. चाकाचा वेग वाढला की याचाही वाढतो, म्हणून आवाज चाकातून आल्यासारखा वाटतो आणि लोक टायर बदलत बसतात.

काम गॅरेजवाल्याकडूनच करून घ्या, पण समोर स्टूल टाकून बसा. ऑइल काढताना ते स्टीलच्या वाटीत घ्यायला सांगा. दुधाळ आलं तर पाणी, चकाकी आली तर लोखंडाचा कीस. गिअरच्या दात्यांवरून बोट फिरवायला सांगा. दाते शाबूत असतील तर गिअरबॉक्स बदलण्याचं कारणच उरत नाही. खर्च होईल तो बेअरिंग, ऑइल सील आणि गॅस्केटचा. वरून मजुरी. मजुरीवर मात्र घासाघीस करू नका, काम किचकट आहे.

बेअरिंग सगळी बदला, आवाज एकाचाच असला तरी. पाणी काय एकाच्याच घरी गेलं नव्हतं. नंबर जुन्या बेअरिंगच्या कडेवर कोरलेला असतो. 6204 म्हणजे आतलं भोक 20 मिलिमीटर, शेवटचे दोन आकडे गुणिले पाच. 6203 ला हा हिशोब लागत नाही, त्याचं भोक 17, बाहेरून 40, जाडी 12. नंबरापुढे सी3 असेल तर नवंही सी3च हवं, त्यात छर्र्यांना जरा जास्त मोकळीक असते आणि मे महिन्यातल्या आपल्या उन्हात, गिअरबॉक्सच्या गरम केसमध्ये, म्हणजे बाहेरच्या कवचात, ती लागते. जुनं उघडं असेल तर दुकानदार कौतुकाने रबरी झाकणाचं देईल, ते घेऊ नका. झाकण असलं की गिअर ऑइल छर्र्यांपर्यंत पोचत नाही. मागांच्या गावात बेअरिंगला तोटा नाही. स्पेअर पार्टवाल्याकडे नसलं तर नंबर घेऊन बेअरिंगवाल्याकडे जा.

आता बसवण्याचं. माझी सगळ्यात मोठी चूक इथलीच. गॅरेज टाकून दुसरं वर्ष, गिऱ्हाईक घाईत. मी नवं बेअरिंग केसवर ठेवलं आणि आतल्या रिंगवर सॉकेट धरून हातोडीने ठोकून बसवलं. चाक लोण्यासारखं फिरलं. बाराव्या दिवशी गिऱ्हाईक परत, आवाज पहिल्यापेक्षा मोठा. उघडून पाहिलं तर रिंगच्या पन्हाळीत सारख्या अंतरावर ठिपके, मणी ओवल्यासारखे. प्रत्येक ठिपका म्हणजे माझ्या हातोडीचा मार, छर्र्यामार्फत पोचलेला. दुसरं बेअरिंग माझ्या खिशातून.

तेव्हापासून घरच्या फ्रीजरमध्ये आमरसाच्या डब्याला खेटून बेअरिंगची पिशवी असते. घरचे बोलतात, बोलू देत. रात्रभर बेअरिंग गार करायचं आणि सकाळी अॅल्युमिनियमची केस तापवायची, पाण्याचा थेंब टाकला की चुर्र करून उडेल इतकी. ज्योत एका जागी धरायची नाही. अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. केसमधलं बेअरिंगचं 40 मिलिमीटरचं घर, म्हणजे ते बसतं तो गोल खळगा, 80 अंशांनी तापवलं तर सात शतांश मिलिमीटरने मोठं होतं. ऐकायला काहीच नाही, पण तेवढ्यात जुनं बेअरिंग केस लाकडावर आपटली की खाली पडतं आणि नवं टप्पकन घरात बसतं. थोडं अडलंच तर बाहेरच्या रिंगवर बसेल असा पाइप घेऊन ठोकायचं. शाफ्टवर चढवायचं असेल तर उलट, दाब आतल्या रिंगवर. पूर्ण टेकलं की हातोडीचा आवाज बदलतो, ठकठकचं ठण्ण होतं.

जोडणाऱ्याने आतल्या रिंगवर हातोडी उचलली तर ताई, तिथंच हात धरा. रागावू दे.

सील जुनेच परत बसवू देऊ नका. आणि ब्रीदरची नळी चिखलाने बुजलेली असते, ती तारेने मोकळी करून घ्या. नवीन ऑइल दोन-तीनशे किलोमीटरवर एकदा काढून टाका, सांदीकोपऱ्यात राहिलेलं पाणी आणि कीस त्याबरोबर निघून जातो. तोवर गठ्ठे रिक्षाने पाठवा.

प्रश्न : गिअर ऑइल थोडं जास्त भरलं तर गिअरबॉक्स जास्त टिकेल ना? मी दरवेळी 200 मिली टाकायला सांगतो.
– एक वाचक, होटगी रोड

उत्तर : नाही ओ. जास्तीचं ऑइल गिअरमध्ये घुसळून फेसाळतं, गरम होतं आणि ब्रीदरमधून किंवा सीलमधून बाहेर येतं. चाकाकडच्या सीलमधून आलं तर थेट मागच्या ब्रेकच्या ड्रममध्ये. चाक काढून ब्रेक शू आजच बघा. तेलाने भिजले असतील तर पेट्रोलने पुसून परत बसवू नका, नवे टाका. ऑइल तुमच्या गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेवढंच.