अंबाझरी तलावात शिडाच्या होडीवरचा डेप्थ साउंडर (पाण्याची खोली दाखवणारं यंत्र) मध्येच आकडा सोडून नुसत्या रेषा दाखवतो. तळाला आतून चिकटवलेला ट्रान्सड्यूसर (ध्वनिलहर सोडून तिचा प्रतिध्वनी टिपणारा भाग) बदलावा का?

एवढ्यात बदलू नका. तुमचा ट्रान्सड्यूसर फायबरच्या तळाला आतून सिलिकॉनने चिकटवलाय, त्यामुळे पहिला संशय त्याच्याखाली शिरलेल्या हवेवर घ्या. ध्वनिलहर फायबरमधून पाण्यात जाते, पण वाटेत हवेचा पातळ थर आला तरी जवळपास सगळी तिथूनच मागे फिरते. यंत्राला प्रतिध्वनी मिळत नाही आणि रेषा येतात. नागपूरच्या मे महिन्यातलं ऊन खात उभ्या असलेल्या होडीत सिलिकॉन सुटला तर नवल नाही. होड्यांचं वायरिंग करताना मी सगळ्यात आधी हे करतो: ट्रान्सड्यूसर हलकेच सोडवून, केबल न ताणता, होडीच्या बाजूने थेट पाण्यात सोडतो. आकडा स्थिर आला तर दोष चिकटवण्यात. जुना सिलिकॉन खरवडून काढा आणि बुडबुडा राहणार नाही असा दाबून पुन्हा बसवा. पाण्यातही रेषाच आल्या तर:

- यंत्र चालू असताना त्याच्या वीजजोडणीच्या टोकांशी व्होल्ट मोजा, नुसत्या बॅटरीवर नको
- प्लगच्या पिना हिरव्या पडल्यात का बघा

हे ठीक असेल तरच नव्याचा खर्च. मात्र रेषा फक्त काठाजवळच येत असतील तर बिघाड नसेलही: अर्ध्या मीटरच्या आत बरीच यंत्रं वाचतच नाहीत, आणि जलपर्णीखाली सोडलेली लहर मुळांतच अडकते. दोरीला वजन बांधून खोली एकदा हातानेच मोजून बघा.