एका कोंबड्यावर डॉर्किंगची जात टिकवता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डॉर्किंग या जुन्या इंग्रजी कोंबडीच्या जातीचा एक कोंबडा आणि तीन कोंबड्या हाती आल्या आहेत. एवढ्यावर जात पुढे नेता येईल का? आणि काही पिल्लांना पाचाऐवजी चारच बोटं आली, तर ती भेसळ समजायची का?

सुरुवात नक्की होईल, पण जात टिकणार नाही. आणखी माद्या घेण्याआधी दुसरा कोंबडा शोधा, आणि तो तुमच्या कोंबड्याच्या नात्यातला नको. मी नेमकं उलट केलं होतं. एका देखण्या कोंबड्याखाली माद्या वाढवत गेलो आणि खुराडं भरलं म्हणून खूश होतो. तिसऱ्या पिढीत अंडी वाया जायला लागली. सातव्या दिवशी अंधारात अंड्याला टॉर्च लावला की कोळ्यासारखं शिरांचं जाळं दिसायला हवं, तिथे नुसतं लाल कडं दिसायचं. पिल्लू आतच मेलं की असं कडं उरतं. मी अंडी उबवायच्या यंत्राला दोष देत राहिलो, पण त्याच यंत्रात दुसऱ्या जातीची अंडी व्यवस्थित फुटत होती. बिघाड कळपातच होता. सगळी एकाच बापाची लेकरं, आणि त्यांचीच पुन्हा आपसात जोडी लागत होती.

यामागचा हिशेब सोपा आहे. नरांची संख्या गुणिले माद्यांची संख्या गुणिले 4, भागिले एकूण पक्षी. पैदाशीच्या दृष्टीने कळप किती पक्ष्यांचा ‘धरायचा’ ते या आकड्यावरून कळतं. 1 कोंबडा आणि 11 कोंबड्या असतील तर उत्तर जेमतेम 3.7 येतं. पक्षी तेवढेच 12, पण 3 कोंबडे आणि 9 कोंबड्या असतील तर 9 येतं. पहिल्या कळपात दर पिढीला अंतःप्रजनन, म्हणजे नात्यातल्या नात्यात होणारी पैदास, साधारण 14 टक्क्यांनी वाढतं, दुसऱ्यात साडेपाच टक्क्यांनी. तुमच्या आत्ताच्या चार पक्ष्यांचं उत्तर 3 आहे. दुर्मीळ जातीत नर ठेवणं खर्चिक वाटतं, अंडी तर तो देत नाही. पण जात त्याच्यावरच उभी असते.

म्हणून तीन घरं करा. मुली आईच्या घरात राहतील आणि दर वर्षी प्रत्येक घरातला चांगला तरुण नर पुढच्या घरात जाईल: पहिल्यातला दुसऱ्यात, दुसऱ्यातला तिसऱ्यात, तिसऱ्यातला पहिल्यात. पिल्लू कुठल्या घरचं हे पहिल्याच दिवशी नोंदवा. पायातली कडी पाय वाढला की काचते, ती बदलावी लागते आणि बदलताना घोळ होतात. मी बोटांमधल्या पातळ पडद्याला बारीक भोक पाडतो. घर बदललं की भोकाची जागा बदलते. वहीत ओळ नसलेलं पिल्लू मी पैदाशीला वापरत नाही, मग ते कितीही सुंदर दिसो.

आता बोटं. पाच बोटं ही या जातीची जुनी खूण. पहिल्या शतकातल्या रोमन शेतीविषयक लिखाणातही पाच बोटांच्या कोंबड्या चांगल्या म्हटल्या आहेत. पण हा गुण प्रबळ असूनही दरवेळी उमटतोच असं नाही. कधी चारच बोटं दिसतात, कधी एका पायाला पाच आणि दुसऱ्याला चार. म्हणून चार बोटं म्हणजे लगेच भेसळ असं म्हणू नका. अंगलट, रंग, कानपाळी आणि अंडं हे सगळं एकत्र बघा. लाल कानपाळीच्या बहुतेक जाती तपकिरी अंडी घालतात. डॉर्किंगची कानपाळी लाल, तरी अंडं पांढरट. एखाद्या वंशातून गडद तपकिरी अंडी येत असतील तर मला बोटांपेक्षा त्याची शंका जास्त येईल. चार बोटांचा नर मी पैदाशीला ठेवत नाही. पण धडधाकट, रुंद पाठीची, पिल्लं नीट सांभाळणारी मादी केवळ बोटासाठी काढून टाकायची नाही, निदान कळप लहान असताना तरी.

हे पाचवं बोट रोजच्या देखभालीतही लक्ष मागतं. ते वरच्या बाजूला वळलेलं असतं, जमिनीला टेकत नाही, म्हणून त्याची नखी झिजत नाही. पहिल्याच वर्षी माझ्या एका कोंबडीची नखी गोल वळून पुन्हा बोटातच रुतायला लागली होती. तेव्हापासून महिन्यातून एकदा, रात्री दांडीवर शांत असताना, एकेकीला कडेवर घेऊन बघतो आणि टोक तेवढं कापतो. आत गुलाबी भाग दिसतो, तिथे कात्री लावायची नाही. ही जात वजनदार आणि आखूड पायांची, त्यामुळे दांडी बुटकी ठेवा, गुडघ्याएवढी पुरे. उंचावरून उड्या मारून तळव्याला गाठ येते आणि ती लवकर बरी होत नाही. खालचा भुसा कोरडा हवा, कारण ओला भुसा थेट पोटाला लागतो.

डॉर्किंगची मादी खुडूक बसते, आणि बसली की मन लावून बसते. मला तर यंत्रापेक्षा तिचाच भरवसा वाटतो. शक्य असेल तिथे रवण, म्हणजे उबवायची अंडी, तिच्याखालीच बसवा. अंडी साठवावी लागली तर निमुळतं टोक खाली करून थंड जागी ठेवा आणि आठवड्याच्या आत बसवा.

नवा कोंबडा आला की थेट आत सोडू नका. महिनाभर वेगळा ठेवा, विष्ठा आणि श्वास बघा, बाहेरची उवा-गोचीड तपासा. त्याच दिवशी जुन्या नरालाही माद्यांपासून काढा. कोंबडीच्या पोटात आधीच्या नराचं बीज दोन-तीन आठवडे जिवंत राहतं. मी एकदा नर बदलून पाचव्या दिवशी अंडी गोळा केली आणि अख्ख्या हंगामाची पिल्लं चुकीच्या बापाच्या नावावर लिहिली. नव्या नराला आत सोडल्यावरही पहिल्या आठवड्याची अंडी खायला घ्या. बसवायची अंडी त्यानंतरची.